चोक ओढला नव्हता

टेम्पोतून मोटरसायकल उतरवायला चार माणसं लागली. खापर फोडायला एकटे अप्पा पुरले.

"चोक ओढून चालवत होतीस ना?" त्यांनी गॅलरीतूनच विचारलं.

थोरलीच्या उजव्या बाहीला भोक पडलं होतं आणि आतला कोपर सोलवटून निघाला होता. डोंगरावरून खाली येईपर्यंत टेम्पोवाल्याशेजारी बसून तिने तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं. आता वर बघून तिने एवढंच म्हटलं, "चोक ओढला नव्हता."

"मग इंजिन काय गंमत म्हणून जॅम झालं? चोक ओढून पळवली की जास्तीचं पेट्रोल सिलिंडरमधलं तेल धुऊन काढतं. तेल गेलं की पिस्टन अडकणारच. दहादा सांगितलं होतं."

"आणि मी अकराव्यांदा सांगते. ओढला नव्हता."

आई कापूस आणि मलम घेऊन खाली धावत आली. धाकटाही आला, पण तो आधी सायलेन्सरपाशी वाकला. काळ्या रंगाच्या त्या आखूड नळकांड्यावर एक लांब ओरखडा उठला होता. त्यावरून त्याने अंगठा फिरवला आणि जिभेने च्च् च्च् केलं. थोरलीने ते पाहिलं. त्या क्षणी तिच्या हातात पाना असता तर पुढची गोष्ट वेगळी झाली असती.

मोटरसायकल बावीस वर्षांची होती. अप्पा कारखान्यात टर्नर होते तेव्हा त्यांनी ती घेतली, पुसली, जपली, आणि गुडघे गेल्यावर सहा वर्षांपूर्वी चावी थोरलीच्या हातात ठेवली. ती डोंगरावरच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात, प्रयोगशाळेत काम करायची. घरापासून चौदा किलोमीटर, त्यातले शेवटचे चार उभ्या चढाचे. सकाळी सहाला पाण्याचे पहिले नमुने घ्यायचे, क्लोरीन बघायचं, गढूळपणा बघायचा, वहीत लिहायचं आणि खाली दोन सह्या घ्यायच्या: एक तपासणाऱ्याची, एक पडताळणाऱ्याची. दोन सह्यांशिवाय आकडा हा आकडाच नाही, असा तिथला नियम होता. बॅगेत कायम नमुन्याच्या बाटल्या, म्हणून धाकटा तिला बाटलीताई म्हणायचा. तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा. मोटरसायकल त्याला रविवारी मिळायची, आणि ती तो गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा. त्याच्या मित्रमंडळींचं जगही तेवढंच लांब होतं.

पाच आठवड्यांपूर्वी थोरली दोन दिवस प्रशिक्षणाला परगावी गेली. परत आली तर गाडीचा जुना सायलेन्सर गायब आणि त्याच्या जागी हे नळकांडं.

"गंजलेला होता गं तो. जोडावर भोक पडलं होतं. रागावू नकोस, बाटलीताई, आधी आवाज ऐक," धाकट्याने किक मारली.

"ऐकू आला. पलीकडच्या गावालाही ऐकू आला. जुना कुठे आहे?"

"भंगारवाल्याकडे."

"गाडी रोज कोण नेतं?"

"तू."

"मग विचारायचं कोणाला?"

"तू हो म्हणाली असतीस का?"

"नाही."

"म्हणून नाही विचारलं," धाकटे राजे हसले, आणि गॅलरीत अप्पाही हसले. हे हसणं तिने लक्षात ठेवलं.

नवा पाइप बसवल्यावर एक खोड निघाली. वेगात असताना अ‍ॅक्सिलरेटरची मूठ सोडली की सायलेन्सरमधून फटाफट आवाज यायचे. धाकट्याने गाडी मेस्त्रीकडे नेली. मेस्त्री म्हणजे चौकातला गॅरेजवाला, गेली वीस वर्षं ह्या गाडीचा वैद्य. त्याने इंजिन चालू ठेवून कार्ब्युरेटरचा छोटा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवला, मान तिरकी करून ऐकलं, पुन्हा थोडा फिरवला. फटाफट थांबली. गाडी उभ्या जागी एकसुरात घुमू लागली. "लोणी झालंय लोणी," मेस्त्री म्हणाला, आणि विषय मिटला.

गल्लीत मिटला. डोंगरावर सुरू झाला.

अर्ध्या मुठीपर्यंत गाडी छान चालायची. पण चढावर पूर्ण मूठ पिळली की इंजिन आवंढा गिळल्यासारखं करायचं, ओढ कमी व्हायची, आणि केंद्राच्या फाटकाशी पोचेपर्यंत सिलिंडरच्या पात्यांतून जळका वास यायला लागायचा. एकदा तिने सहज चोक अर्धा ओढून बघितला. गाडी लगेच ताकदीने वर निघाली. थोरली विज्ञान शिकलेली बाई. एकदा झालं त्याला ती योगायोग म्हणायची. तिने पुढचे सहा दिवस एकाआड एक प्रयोग केला: एक दिवस चोक ओढून, एक दिवस न ओढता, तेच वळण, तोच गिअर, आणि वेग वहीत. सहाही वेळा उत्तर एकच आलं. चोक हवा अडवतो. हवा अडवल्यावर इंजिन सुधारतं, याचा अर्थ इंजिनात हवा जास्त जाते आहे आणि पेट्रोल कमी. आणि पेट्रोल कमी पडलं की इंजिन तापतं.

हे तिने घरी सांगितलं.

"वही लिहिली?" अप्पा आईकडे बघून म्हणाले. "ऐकलंस का, हिने माझ्या गाडीची वही लिहिली. बावीस वर्षांत मला नाही कळलं ते हिला सहा दिवसांत कळलं." मग हसू पुसून म्हणाले, "चोक थंडीत, सकाळी, दोन मिनिटं. चढावर चोक ओढून चालवायची ही कुठली पद्धत? तेल धुऊन जाईल. पुन्हा तसं केलंस तर चावी काढून घेईन."

मेस्त्रीनेही मान डोलावली. "गाडी एकदम ओके आहे, मॅडम. मी स्वतः ऐकलीय."

चावी गेली तर सकाळचे नमुने गेले. डोंगरावर बस जात नाही. कर्मचाऱ्यांची व्हॅन नऊला सुटते. आणि जास्तीचं पेट्रोल तेल धुतं, ही गोष्ट खोटी नव्हती. तिने ऐकलं. चोकला हात लावायचा नाही असं ठरवलं, आणि आठवडाभर लावला नाही. मंगळवारी तिला उशीर झाला होता. दुसऱ्या वळणापासून तिने मूठ पूर्ण पिळून धरली. चौथ्या वळणाच्या अलीकडे इंजिनाचा सूर अचानक बारीक झाला, आणि मागचं चाक एखाद्याने जबड्यात धरावं तसं थांबलं. गाडी आडवी घसरली. तिने क्लच दाबला, चाक सुटलं, कोपर दगडी कठड्यावर घासत गेला. मागून येणारा ट्रक हॉर्नवरचा हात न काढता, तिच्या मागच्या दिव्यापासून वीतभर अंतरावरून पुढे निघून गेला.

तर ते इंजिन आता जिन्याखाली उभं होतं. मलम लावून झाल्यावर थोरलीने प्लगपाना आणला आणि गाडीपाशी बसली. चोक ओढून चालवली असेल तर प्लगचं टोक काजळीने काळं असणार. पेट्रोल कमी पडलं असेल तर पांढरं. इथे मताचा प्रश्न नव्हता. तिने प्लग फिरवून बाहेर काढला.

पांढरा. चुन्यात बुडवून वाळवल्यासारखा पांढरा, आणि चिनीमातीवर वितळलेल्या धातूचे बारीक राखाडी ठिपके.

ती तो गॅलरीत घेऊन गेली. "बघा. चोक ओढला असता तर हा काळा असता."

"नव्या प्लगचा रंग असाच असतो."

"आठ महिने झालेत ह्याला. तुमच्यासमोर बसवला होता."

अप्पांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. "हे पुस्तकी ज्ञान तुमच्या बाटल्यांना ठीक आहे. दुरुस्त झाली की गाडी धाकट्याकडे राहील. तू व्हॅनने जा."

"सहाचं पाणी नऊला तपासू? तोवर ते लोकांच्या पोटात गेलेलं असतं."

"दुसरं कोणी तपासेल."

हेच होणार होतं. साहेबांनी फोनवर सांगितलं होतं: एक तारखेपर्यंत सहाला येण्याची सोय झाली नाही तर सकाळची पाळी दुसऱ्याला, आणि तिला खाली कार्यालयात, तक्रारींचे फोन घ्यायला. नऊ वर्षं पाणी तपासणारी बाई "तुमचा नळ कुठल्या मजल्यावर आहे" असं विचारत बसणार. चावी अप्पांच्या सदऱ्याच्या खिशात होती. खिशाला बटण होतं, आणि ते लावलेलं होतं.

बुधवारी मेस्त्रीने इंजिन उघडलं. थोरली अर्धा दिवस रजा टाकून समोर उभी राहिली. धाकट्यालाही तिने ओढत आणलं होतं. मेस्त्रीच्या हातातल्या पिस्टनची एक बाजू वरून खाली ओरबाडली होती आणि डोक्याची कड मेणबत्तीसारखी ओघळली होती. तिने त्याच्या शेजारी पांढरा प्लग ठेवला.

मेस्त्रीने प्लगकडे पाहिलं, पिस्टनकडे पाहिलं, मग हात पुसायला फडकं शोधू लागला. फडकं त्याच्या खांद्यावरच होतं.

"बोला," थोरली म्हणाली.

"काय आहे, मॅडम, मोकळा पाइप लावला की हवा जास्त खेचली जाते. मग मेन जेट मोठा लागतो." त्याने कार्ब्युरेटरच्या खालची वाटी सोडवली आणि आतला पितळेचा, नखाएवढा स्क्रू दाखवला. त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक होतं. "पूर्ण मूठ पिळली की सगळं पेट्रोल ह्या भोकातून जातं. भोक जुन्या सायलेन्सरच्या मापाचं आहे."

"आणि तुम्ही फिरवला तो स्क्रू?"

"तो फक्त उभ्या गाडीला. आणि हळू चालवताना."

"म्हणजे तुम्ही गाडी उभी असताना बरी केलीत."

"गल्लीत तर मस्त चालत होती हो."

"मी गल्लीत नोकरी करत नाही. जेट का बदलला नाही?"

"खोक्यात नव्हता. पाइपवाले बरोबर देतात कधीकधी. नसेल तर मागवायला पंधरा दिवस. हा म्हणाला, आजच लाव. मला वाटलं, चालेल."

"वाटलं," थोरलीने तो शब्द घासून लख्ख केला आणि त्याच्यासमोर ठेवला. मग धाकट्याकडे वळली. "जेट कुठे आहेत?"

"मला काय माहीत? पार्सल आलं तेव्हा मी दुकानात होतो. संध्याकाळी घरातून खोकं उचललं, इथे आणलं. त्यात पाइप, क्लँप आणि दोन बोल्ट, एवढंच होतं."

"आणि तू आत बघितलंस?"

"बघितलं की!"

"पाइप बघितलास. चकाकतो म्हणून. जेट तू फेकला असशील नाहीतर कुठेतरी पाडला असशील, कारण जेट आवाज करत नाही. तुला आवाज पाहिजे होता. राजांची स्वारी आली हे गल्लीला कळायला पाहिजे होतं ना? कळलं. डोंगरावर मलाही कळलं."

"ताई, देवाशपथ—"

"देवाला कशाला मध्ये घेतोस? त्याला कार्ब्युरेटर कळत नाही."

मेस्त्री हसला. तिने त्याच्याकडे बघितल्यावर त्याने ते हसू खोकल्यात घालवलं.

त्या दिवशी जेवताना तिने सगळं पुन्हा, अप्पांसमोर, पहिल्यापासून सांगितलं. मेन जेट काय असतो, किती मोठा, कशाचा, आणि तो बरोबर आला असणार पण ह्या दिवट्याने हरवला. धाकट्याने ताट ढकललं आणि उठून गेला. अप्पा काही बोलले नाहीत. थोरलीला वाटलं, लाडक्याची चूक निघाली म्हणून गप्प आहेत. तेवढ्यावरून तिचा राग आणखी एक पायरी चढला. चोकचं बोलणं अप्पांनी मागे घेतलं नाही. चावीही दिली नाही.

पुढचे दोन दिवस तिने धाकट्याशी बोलणं टाकलं. म्हणजे प्रत्यक्ष बोलणं टाकलं. आईमार्फत मात्र भरपूर सुनावलं. "त्याला सांग, माझा टॉवेल घेऊ नकोस. तोही भंगारात घालेल." धाकटा दुकानातून सुटला की थेट गॅरेजमध्ये जायचा, मेस्त्रीच्या हाताखाली सिलिंडर पुसायचा, काळ्या हातांनी घरी यायचा. तिने तेही बघितलं आणि त्याला नाटक असं नाव दिलं.

शनिवारी मेस्त्रीचा निरोप आला: नवा पिस्टन बसला, पण जेट यायला अजून बारा दिवस. एक तारीख सहा दिवसांवर होती. थोरलीला अप्पांचे डबे आठवले.

घरातली प्रत्येक सुटी वस्तू अप्पांच्या डब्यात असायची. बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे, माळ्याखालच्या फळीवर रांगेत, प्रत्येकावर चिठ्ठी, आणि आत प्रत्येक वस्तूला पुन्हा चिठ्ठी, तारखेसकट. कारखान्याची सवय. कोणी नुसतं "स्क्रू आहे का हो" म्हटलं तरी अप्पा गुडघे विसरून स्टुलावर चढायचे.

"जुन्या कार्ब्युरेटरचा एखादा जेट असेल का तुमच्याकडे?" तिने विचारलं.

"नाही," अप्पा म्हणाले. "काही नाही तिथे."

ते जागचे हललेही नाहीत. न बघता नाही म्हणणारे अप्पा तिने एकतीस वर्षांत पाहिले नव्हते. ती आत गेली, स्टूल ओढलं आणि "कार्ब्युरेटर, प्लग वगैरे" असं लिहिलेला डबा खाली घेतला.

सगळ्यात वरच होतं. प्लॅस्टिकची चपटी पिशवी, तोंड अजून चिकटवलेलं. आत पितळेचे दोन जेट आणि घडी घातलेला सूचनांचा कागद. पिशवीला टाचणीने लावलेली चिठ्ठी, चौकोनी, नकाशावरच्यासारख्या अक्षरात: "सायलेन्सरबरोबर आलेले. जास्तीचे." खाली पाच आठवड्यांपूर्वीची तारीख.

थोरली स्टुलावर बसली. धाकट्याला बोललेलं एकेक वाक्य तिला आठवत होतं. त्या वाक्यांचं आता काय करायचं ते तिला सुचेना. तो राग तिने चार दिवस चुकीच्या पत्त्यावर पाठवला होता. पत्ता मिळाला तेव्हा तो कमी झाला नाही. फक्त त्याला वजन आलं.

तिने पिशवी गॅलरीतल्या वर्तमानपत्रावर ठेवली.

अप्पांनी चष्मा काढला. "पार्सल मीच उघडलं होतं. कंपनी लागणारी वस्तू सुटी देत नाही. सुटं आलं ते जास्तीचं. आमच्याकडे मशीनबरोबर अशा पिशव्या यायच्या, आम्ही स्टोअरला जमा करायचो."

"ह्यात कागद होता. वाचला नाहीत?"

"सील तोडायचं नसतं. लागेपर्यंत."

"कधी कळलं तुम्हाला?"

ते सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसू लागले.

"अप्पा, कधी कळलं?"

"बुधवारी. जेवताना. तू जेट म्हणालीस तेव्हा."

"आज शनिवार आहे."

"सांगणार होतो."

"कधी? चावी त्याला दिल्यावर? मी तक्रारींचे फोन घ्यायला बसल्यावर? चार दिवस मी त्याला वाट्टेल ते बोलतेय, तुम्ही ऐकताय, आणि तुमच्या डब्यात हे पडलंय!"

"चौतीस वर्षं लेथवर काढली मी," अप्पा हळू म्हणाले. "माझा एक नग कधी परत आला नाही."

"मागे ट्रक होता, अप्पा. मी परत आले नसते."

आई दारात येऊन उभी राहिली होती. थोरलीचा आवाज चढला नाही. तिचा राग तसा नव्हता. तो मोजून मोजून बाहेर येत होता. "चूक झाली तर झाली. माझ्याही हातून नमुने सांडतात. पण मी चोक ओढला नव्हता. तुम्ही नको म्हणालात म्हणून ओढला नव्हता. ओढला असता तर इंजिन वाचलं असतं. आणि तुम्ही अजून सगळ्यांना सांगताय की मी चोक ओढला."

"मी काय म्हणतो, तू मेस्त्रीला दे ती पिशवी. डब्यात सापडली म्हण."

"डब्यात सापडली नाही. डब्यात ठेवली होती. चला."

"कुठे?"

"गॅरेजमध्ये. मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं. त्याच्यासमोर."

चौकापर्यंतच्या त्या रस्त्याला पाच मिनिटं लागतात. अप्पांच्या गुडघ्यांना वीस लागली. थोरली त्यांच्या बरोबरीने चालली. तिने हात दिला नाही, त्यांनी मागितला नाही.

गॅरेजमध्ये धाकटा उकिडवा बसून टाकीचा नट आवळत होता. अप्पांनी पिशवी बाकावर ठेवली, अवजारांच्या मधोमध. मेस्त्रीने ती उचलली आणि चिठ्ठी वाचली. मोठ्याने वाचली, कारण त्याला मनात वाचता यायचं नाही. "जास्तीचे," हा शब्द गॅरेजमध्ये जरा वेळ लोंबकळत राहिला.

"माझ्याकडे होते," अप्पा म्हणाले. "मी ठेवले होते. पोराचा संबंध नाही. आणि—" ते थांबले. थोरलीने मदत केली नाही. "आणि हिने चोक ओढला नव्हता."

धाकटा उठला. त्याच्या गालावर ग्रीसचा पट्टा होता. "चार दिवस," तो म्हणाला. "चार दिवस ही मला जेवू देत नाहीये, आणि तुम्ही शेजारी बसून भाजी मागून घेत होता?" त्याने पाना जोरात ट्रेमध्ये टाकला आणि बाहेर जाऊन पायरीवर पाठ करून बसला.

थोरली त्याच्यामागे गेली. "मी चुकले," ती म्हणाली. "जेटच्या बाबतीत. पाइपच्या बाबतीत नाही."

"टॉवेलचं पण परत घे."

"टॉवेलचं नाही घेणार. कालच तू त्याला ग्रीस पुसलंयस."

त्याच्या खांद्याला जरासं हसू आलं, तोंडापर्यंत पोचलं नाही. ती परत आत आली, बाह्या वर केल्या, सूचनांचा कागद बाकावर सपाट केला आणि दोनदा वाचला. पेट्रोलचा कॉक बंद. वाटीचे चार स्क्रू. जुना जेट बाहेर, पिशवीतला दोन मापं मोठा जेट आत, हाताने बसवून मग हलकासा आवळून, कारण पितळ मऊ असतं. मेस्त्री दोनदा पुढे झाला आणि दोनदा मागे सरला. सगळं दहा मिनिटांत झालं. तिने घड्याळ पाहून ठेवलं. एवढ्या दहा मिनिटांसाठी एक पिस्टन गेला होता.

अप्पांनी खिशाचं बटण काढलं आणि चावी पुढे धरली. तिचे हात पेट्रोलने ओले होते, पण ते कारण नव्हतं. "बाकावर ठेवा," ती म्हणाली.

नवा पिस्टन पहिले पाचशे किलोमीटर लाडाने वागवावा लागतो. तीन आठवडे ती अर्ध्या मुठीवर, पहाटे अर्धा तास आधी निघून डोंगर चढली. नळकांड्याच्या आवाजाने फाटकावरचा पहारेकरी ती दोन वळणं खाली असतानाच कुलूप काढायचा. सकाळची पाळी तिच्याकडेच राहिली. घरात अप्पांशी ती बोलायची: औषध घेतलं का, गॅस आलाय, फोन तुमचा आहे. एवढंच. आईने एकदा म्हटलं, "बाप आहे तो, किती ताणशील." थोरली म्हणाली, "मी ताणत नाहीये. अजून उत्तर आलं नाहीये."

पाचशे किलोमीटर झाले त्या रविवारी दुपारी ती एकटीच डोंगरावर गेली. प्लगपाना, फडकं आणि नवाकोरा प्लग बरोबर होता. तो तिने दुसऱ्या वळणावर बसवला. मग मूठ पूर्ण पिळली. आवंढा आला नाही. चढावरच तिने चोक अर्धा ओढला: इंजिन घुसमटलं, वेग पडला. म्हणजे आता त्याला जास्तीचं पेट्रोल नको होतं. चोक परत लावला, पुन्हा पूर्ण मूठ, आणि कठड्यावर तिच्या बाहीची आणि पाइपची खूण राहिली होती त्या जागेपर्यंत तशीच. तिथे चावी बंद केली आणि त्याच क्षणी क्लच दाबला, म्हणजे प्लगवर शेवटच्या क्षणाचाच रंग राहावा. गाडी शांत, नुसत्या चाकांवर घरंगळत कडेला आली.

प्लग फडक्यात धरून काढला. पुठ्ठ्यासारखा कोरडा, फिका तपकिरी. बरोबर तोच रंग.

तिला आनंद व्हायला हवा होता. तिला त्या मंगळवारच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला.

आधीचा प्लग परत बसवून ती घरी आली तेव्हा अप्पा गॅलरीत होते. गाडी गल्लीत शिरल्यापासूनच ते उभे असावेत. "रंग?" त्यांनी विचारलं.

तिने दोन्ही प्लग त्यांच्या वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवले, पांढरा आणि तपकिरी, आणि हात धुवायला गेली. साबण लावताना तिला आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडल्याचा. हात पुसत ती फळीपाशी आली. अप्पांची चिठ्ठी लिहून झाली होती आणि ते ती पांढऱ्या प्लगला दोऱ्याने बांधत होते. चौकोनी अक्षरं: "इंजिन जॅम झालं तेव्हाचा प्लग." खाली त्या मंगळवारची तारीख.

"द्या इकडे," थोरली म्हणाली.

तिने त्यांच्या खिशातून पेन घेतलं, चिठ्ठी डब्याच्या झाकणावर धरली आणि तारखेखाली तिच्या प्रयोगशाळेच्या बारीक अक्षरात लिहिलं: "चोक ओढला नव्हता. चोक न ओढण्याची सूचना दिलेली होती." त्याखाली सही केली. मग चिठ्ठी आणि पेन अप्पांच्या पुढे सरकवलं.

"हे काय?"

"आमच्याकडे दोन सह्या लागतात. एक तपासणाऱ्याची, एक पडताळणाऱ्याची."

अप्पांनी चिठ्ठी वाचली. चष्मा वर सरकवून पुन्हा वाचली. "सूचना कोणी दिली ते लिहिलं नाहीस," ते म्हणाले.

"नाही."

ते थोडा वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत राहिले. मग खाली वाकले, "दिलेली होती"च्या आधी एक खूण केली आणि तिच्यावर, जागा अपुरी असतानाही, चौकोनी अक्षरात लिहिलं: "मी". त्याच्याखाली पूर्ण सही केली, पगाराच्या कागदावर करायचे तशी, तारखेसकट.

थोरलीने सही तपासली. चिठ्ठी प्लगला बांधली, प्लग डब्यात ठेवला, झाकण दाबून बसवलं.

"चहा टाकते," ती म्हणाली. "घेणार का?"